दुभाषी

कामाच्या ठिकाणी स्त्रियांची सुरक्षितता, या विषयावरचा परिसंवाद संपत आला होता. कंपनीचे संचालक भरपूर टाळ्या घेऊन खुर्चीत बसले आणि निवेदकाने प्रश्न मागवले. तिसऱ्या रांगेतून एक मूकबधिर बाई उठली. तिचे हात भराभर हलू लागले आणि मंचाच्या कोपऱ्यात उभी असलेली दुभाषी ते माइकवर बोलू लागली. दुभाष्याने ‘ती म्हणते’ म्हणायचं नसतं, ‘मी’च म्हणायचं असतं.

“साहेब, मी तुमच्याकडे पॅकिंगला होते. तुम्ही मला केबिनमध्ये बोलावलंत आणि दार लावून घेतलंत.”

निवेदक लगबगीने दुभाषीच्या कानाशी आला. “अहो, जरा सांभाळून सांगा ना!”

“त्या सांगतायत तेच सांगतेय,” ती म्हणाली आणि पुन्हा माइककडे वळली. “मला ओरडता येत नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं.”

संचालक समोर बघून हसले. “बाईंचा काहीतरी गैरसमज झालाय. आमच्याकडे असं काही घडूच शकत नाही.”

दुभाषीने ते हातांनी बाईला सांगितलं. बाईचे हात गळून पडले. ती मटकन खाली बसली. माइकवरचा आवाज मात्र थांबला नाही, तेव्हा संचालकांनी मान वळवून पहिल्यांदाच कोपऱ्याकडे नीट पाहिलं.

“मला तर ओरडता येत होतं, साहेब. तरीही मी गप्प बसले.”