स्वयंपाकघरातली खुर्ची

मालक, क्लब गुंडाळून फोन बंद करताना तुम्हाला लाज वाटली नाही, ती सगळी लुकियानच्या वाट्याला आली! लुकियान संघाचा कर्णधार आणि गोलरक्षक. पोल्टावाकडच्या युक्रेनी खेड्यातला फुटबॉल संघ बघता बघता वरच्या लीगमध्ये चढला. तिथे मैदानात प्रेक्षकांसाठी खुर्च्या लागतात, म्हणून गावाने स्वयंपाकघरातल्या दिल्या. आता अर्ध्या हंगामात संघ बुडाला आणि लुकियान हातगाडीवरून खुर्च्या परत करत निघाला. स्तेफाकाकूने दार उघडलं. "ये, बस. बिटाचं बोर्श सूप गरम आहे." तो बसेना. "का रे? गोल खाल्ल्यावर तर फतकल मारायचास!" तो हसला नाही, तशी काकूची पळी थांबली. "ही खुर्ची तर तू परवाच, एक कमी पडतेय म्हणून मागून नेलीस. तेव्हापासून आमचा म्हातारा खाटेवर जेवतोय. संघ बुडणार हे तुला तेव्हाच ठाऊक होतं ना रे? खाली काय बघतोस? माझ्याकडे बघून सांग!"