मुंगीएवढी अक्षरं

टोरांटोहून धाकट्या केतकीचं नुसतं "जेवलीस का गं?" आलं, तरी आईच्या फोनवर बोटभर उंचीची अक्षरं उमटत. खालच्याच मजल्यावरून रोज गरम भाकरी आणून देणाऱ्या थोरल्या हेमांगीची मात्र मुंगीएवढी. मनाची ओढ जेवढी, अक्षर तेवढं मोठं; नवे फोन ती वाचणाऱ्याच्या नाडीवरून ओळखत.

आज हेमांगीच्या अंगाचा तिळपापड झाला. आई आतून मटार आणेपर्यंत तिनं फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन केतकीची अक्षरं आपल्याएवढी करून टाकली. मग शेजारीण आली आणि हेमांगी निघाली. ती दाराबाहेर चपला घालते तोच केतकीचा मेसेज आला.

"कुणाचा गं?" शेजारणीनं विचारलं.

"बारीक अक्षरं आहेत, म्हणजे हेमाचा," म्हणत आईनं न वाचताच फोन पालथा घातला. "बघेन सवडीनं."