सरासरी चौदा महिने

प्राध्यापकांचं वाक्य संपून मिनिट झालं होतं, आणि दुभाषी बाई अजून बोलतच होत्या.

वाक्य साधं होतं. कारखाना बंद पडला, की कामगार सरासरी चौदा महिन्यांत दुसऱ्या कामाला लागतो. वीस वर्षांचा अभ्यास पिळून निघालेला हा एवढा एक थेंब. पण यांनी आवळा ठेवावा आणि बाईंनी त्याचा कोहळा करावा, असं परदेशातल्या या व्याख्यानदौऱ्याच्या पहिल्या विद्यापीठापासून चाललं होतं. प्राध्यापक बोटांत खडू फिरवत ताटकळले. समोरची पोरं हसली. मग एकदम गप्प झाली. मागच्या बाकावरच्या एका मुलीने डोळे पुसले.

फळ्यावरच्या आलेखात रडण्यासारखं काय होतं, ते प्राध्यापकांना कळेना.

"बाई, मी एक बोलतो, तुम्ही चार बोलता," व्याख्यान संपल्यावर जिन्यात त्यांनी गाठलंच.

"तुमचं वाक्य घट्ट असतं, सर. पातळ केल्याशिवाय पोरांच्या गळ्याखाली उतरत नाही."

"मग पाणी घालता तरी किती?"

"लागेल तेवढं," म्हणत बाई पर्स सावरून जिना उतरून गेल्यासुद्धा.

खरा जीव जळायचा तो टाळ्यांनी. मायदेशी त्यांचा तास सुरू झाला, की पोरं मागच्या दाराने एकेक गळायची. इथे दारात उभी राहून ऐकत होती, रांग लावून त्यांचा हात हातात घेत होती. जन्मभर ज्याची वाट पाहिली ते दारी आलं होतं. पण ते आपल्याच पत्त्यावर आलंय की नाही, हे विचारायचं कुणाला?

चौथ्या विद्यापीठात त्यांनी हट्ट धरला. दुसरा दुभाषी द्या, शब्दाला शब्द देणारा. मिळाला. कोर्टात उभी हयात घालवलेले सडपातळ गृहस्थ, स्वल्पविरामसुद्धा सांडू न देणारे. पाचव्या विद्यापीठात ते बोलले. फूटपट्टी लावावी तसं वाक्याला वाक्य. विसाव्या मिनिटाला दार पहिल्यांदा वाजलं. शेवटी समोर विभागप्रमुख तेवढे उरले, तेही आभार मानायचे होते म्हणून.

"सगळं बरोबर सांगितलंत ना?" प्राध्यापकांनी विचारलं.

"अक्षर न् अक्षर, सर."

हीच तर पंचाईत होती.

शेवटच्या विद्यापीठासाठी प्राध्यापकांनी स्वतःच बाईंना फोन केला.

"मी तशीच बोलणार हं, सर."

"बोला. खुशाल बोला."

पण कोर्टातल्या गृहस्थांनाही त्यांनी सोडलं नाही. व्यासपीठावर अगदी खांद्याशी उभं केलं आणि दबक्या आवाजात बजावलं, "आज माझं काही सांगू नका. बाई बोलतील ते माझ्या कानात सांगा, शब्दाला शब्द. आज मला चोर मुद्देमालासह पकडायचाय."

सभागृह काठोकाठ भरलं होतं. प्राध्यापकांनी घसा साफ केला. "कारखाना बंद पडला, की कामगार सरासरी चौदा महिन्यांत दुसऱ्या कामाला लागतो."

बाई बोलू लागल्या. गृहस्थ कानाशी वाकले, आणि त्यांच्या त्या कोरड्या, साक्ष वाचल्यासारख्या आवाजात शब्द येऊ लागले.

"'सर म्हणतात चौदा महिने. खरं आहे, मी मोजलेत. कारखान्याला कुलूप लागलं, ते वडिलांनी घरी सांगितलंच नाही. चौदा महिने रोज सकाळी कामाचे कपडे घालून, डबा घेऊन निघायचे. बंद फाटकासमोर बसून जेवायचे. भोंग्याच्या वेळेला घरी. आईला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. तरी रोज डबा घासता घासता विचारायची, आज काम फार होतं का हो? ते म्हणायचे, फार. साहेब सुट्टीच देत नाही.'"

पोरं हसली. मग एकदम गप्प झाली.

बाई थांबल्या. आता पाळी प्राध्यापकांची होती. पुढचं वाक्य समोरच्या कागदावर टंकून तयार होतं, आकड्यांसकट. सभागृह वाट पाहत होतं. प्राध्यापकांनी कागद पालथा घातला.

"बाई," ते म्हणाले, "थांबू नका."