चार नंबरचं मागचं दार

दार उघडेपर्यंत ते गृहस्थ हात मागे बांधून तसेच उभे राहिले. हे तिसरं दार. कडीला हात लावणं त्यांच्या सवयीत नसावं. म्हातारा हवालदार लगबगीने पुढे झाला.

"सावकाश चला, साहेब," तुरुंगाचे अधीक्षक म्हणाले. "आणि मुलाहिजा ठेवू नका. पाणी कुठे मुरतंय ते लेखी कळू द्या."

"लिहितो."

आवाज इतका हलका, की मागून येणाऱ्या कारकुनाला तो ऐकूच आला नाही.

अंगातला काळा कोट खांद्यांवर जरा सैल होता. बाही खाली आली की ते ती वर सारत आणि वहीत टिपत. टिपलेलं पुन्हा वाचत, एखादा शब्द खोडत आणि खोडलेलाच परत लिहीत. स्वयंपाकघरात त्यांनी पातेल्यांचे तळ पाहिले. दवाखान्यात एक बाटली उजेडात धरली.

"चुकत असेन तर सांगा, पण या औषधाची तारीख गेल्या वर्षीच उलटली आहे."

कारकुनाने बाटली उचलली.

मग चार नंबरची बराक आली.

"किती माणसं?"

"पटावर त्रेसष्ट," हवालदार म्हणाला. "आत बासष्ट. एक कामावर गेलाय."

कैदी आपापल्या अंथरुणापाशी उभे होते. एक-दोघांनी हसू दाबलं. ज्याला सगळे रेडिओ म्हणत, तो कमरेत वाकला. "या साहेब! गरिबाघरी कशी वाट चुकलात?"

हवालदाराने डोळे वटारले.

कोपऱ्यातल्या एका रिकाम्या अंथरुणाशी ते थांबले. उशाखालून पुस्तकाचं टोक बाहेर आलं होतं. त्यांनी ते आत सरकवलं, चादरीची सुरकुती काढली.

"काही तक्रार?"

एक दमेकरी खोकत पुढे आला.

"मागच्या महिन्यात पुढच्या दारापाशी विजेचा बोर्ड पेटला, साहेब. धूर सगळा आत. दोन खिडक्या आणि त्रेसष्ट तोंडं. मागच्या दाराची किल्लीच सापडेना. बोर्ड आपोआप विझला म्हणून वाचलो."

"हो," ते म्हणाले. मग घाईने, "म्हणजे, कानावर आलंय तसं."

ते मागच्या दारापाशी गेले. नारळाएवढं कुलूप लोंबत होतं.

"हे उघडा."

"आत्ता?" हवालदाराने विचारलं.

"आग लागली आहे असं समजा."

हवालदाराने कमरेचा जुडगा चाचपला. मग मान खाली घातली. "ती किल्ली दुसऱ्या जुडग्यात आहे. घरी."

"घरी?" अधीक्षक ओरडलेच.

"नातवाला दात येताहेत, साहेब. तो जुडगा खुळखुळवला तरच गप्प बसतो."

"आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी," रेडिओ पुटपुटला, "आणि किल्ली पाळण्यात!"

बराक हसली. अधीक्षक हसले नाहीत.

शिपाई सायकलवरून गेला. ते गृहस्थ भिंतीवरच्या घड्याळाखाली उभे राहिले. अकराव्या मिनिटाला किल्ली आली, लाळेने ओली. कुलपात फिरेना. तेल आणलं. सव्विसाव्या मिनिटाला कुलूप निघालं, पण दार हलेना. पलीकडून कुणीतरी मोडकी बाकं रचून ठेवली होती. ती हलवून दार उघडलं तेव्हा एकतीस मिनिटं झाली होती.

वारा आत आला. दमेकरी न विचारता उंबऱ्यावर जाऊन उभा राहिला. त्याला कुणी हटकलं नाही.

"धुरात माणसाला पाच मिनिटंही मिळत नाहीत," ते गृहस्थ म्हणाले. "असं वाचलंय."

"पण साहेब, हे दार झटकन उघडायला लागलं तर उद्या गावातले लोक आमच्या नावाने बोंब मारतील," अधीक्षक म्हणाले. "कैदी पळतील म्हणून."

"पलीकडे अंगण आहे. अंगणाला वीस फूट भिंत आहे. गावाला याची झळ नाही. माझं चुकत असेल."

अधीक्षकांनी भिंतीकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"नाही चुकत," ते म्हणाले. आणि हवालदाराकडे वळून, "नवं कुलूप. किल्ली बराकीसमोर पहारेकऱ्याच्या चौकीत, काचेमागे. बाकं बाहेर. उद्या नाही, आज!"

चार वाजता कुलूप लागलं. त्या गृहस्थांनी दार तीनदा उघडायला लावलं. तिसऱ्या वेळी चाळीस सेकंद लागले. त्यांनी तो आकडा लिहिला आणि पहिल्यांदाच काही खोडलं नाही.

कचेरीत अधीक्षकांनी वही शेवटपर्यंत वाचली आणि खुर्चीत मागे रेलले. "सुटलो बुवा!"

"मीही," ते हळूच म्हणाले.

"ही तालीम घेतली नसती आणि हे उद्या खऱ्या सरकारी समितीसमोर निघालं असतं तर तोंड लपवायला जागा उरली नसती."

कारकुनाने हात पुढे केला. "माझा कोट द्या, मास्तर. उद्या मलाच घालायचाय."

त्यांनी कोट उतरवला, नीट घडी केली. आतल्या पांढऱ्या सदऱ्यावर छातीशी नंबर होता.

"चल रे मास्तर," हवालदार म्हणाला. "माझ्या नातवाचा खुळखुळा पळवलास की!"

चार नंबरपाशी ते हात मागे बांधून उभे राहिले. हवालदाराने दार उघडलं. ते आत गेले, कोपऱ्यातल्या अंथरुणावर बसले, उशाखालचं पुस्तक काढलं. तिथून गजांमधून काचेमागची किल्ली दिसत होती. बाहेरून कडी लागली.

"त्रेसष्ट," हवालदार पटावर लिहीत म्हणाला. "पूर्ण."