पुदिन्याचा ग्लास

उकाडा वाढला तसा नवराच म्हणाला, “अगं, मी दारू सोडली म्हणून तू कशाला वनवास भोगतेस? कर की तुझं ते लिंबाचं बर्फाळ कॉकटेल. मला नुसतं सरबत.” तिने लिंबाचा रस, साखर आणि बर्फ मिक्सरमधून फिरवून त्याचा ग्लास भरला. उरलेल्यात पांढरी रम ओतून स्वतःचा भरला. दोन्ही सारखेच दिसत होते, म्हणून आपल्या ग्लासात पुदिन्याचं पान खोचलं. ट्रे त्यानेच गॅलरीत नेला. मिक्सरचं भांडं विसळून ती बाहेर आली, तेव्हा पुदिन्याचा ग्लास तिच्याच खुर्चीपुढे होता. तिने घोट घेतला. नुसतं सरबत. पान त्याने हलवलं होतं. त्याचा ग्लास अर्धा संपला होता. कित्येक महिन्यांनी त्याचा चेहरा सैलावला होता. “काय बाईसाहेब, चढली?” त्याने हसत विचारलं. भांडायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं. “थोडीशी,” ती म्हणाली.