पाद्री नव्हे, मग कोण?

"खबऱ्या पाद्रीच!" काजं करणाऱ्या मावशींनी दोरा दातांनी तोडला आणि निकाल देऊन टाकला. "माझं काज चुकेल एखादं, पण माणूस ओळखण्यात मी चुकायची नाही. एवढं गोड बोलणारा माणूस सरळ असूच शकत नाही."

"मावशी, परवा तर तुम्ही बेकरीवाल्याला फासावर चढवत होता!" कोणीतरी ओरडलं आणि शर्टांच्या त्या कारखान्यात असा हशा पिकला की मशीनांचा आवाज बुडून गेला.

थोरली मधोमध स्टुलावर पुस्तक घेऊन बसली होती. चहानंतर ती वाचायची आणि तिच्या वाटणीच्या कॉलरी बाकीच्या मिळून शिवायच्या. पुस्तक होतं आयर्लंडमधलं. बेलफास्टच्या गल्ल्या, इंग्रज सरकारचे हेर, त्यांच्याविरुद्ध लपूनछपून लढणारी एक टोळी, आणि त्या टोळीतलाच कोणीतरी सगळ्या बातम्या पोलिसांना पोचवतोय. पहिल्या दिवशी मावशींनी विचारलं होतं, "दोन्हीकडचे गोरेच ना गं? मग मारामारी कशाला?" थोरली म्हणाली होती, "भाऊ भाऊ भांडतात ते काय रंग बघून?" तेव्हापासून आयर्लंड म्हणजे शेजारची गल्लीच झाली होती.

"ताई, पुलावर गाडी येऊन थांबली. त्यात कोण होतं, तेवढं तरी सांगा ना," धाकटी काकुळतीला येऊन म्हणाली. ही थोरलीची जाऊ. काल लेकाला दातांच्या डॉक्टरकडे नेलं, त्यामुळे कालचा भाग तिचा एकटीचाच हुकला होता. घरी तिने किती गळ घातली, पण थोरली बधली नाही. गोष्ट ऐकायची ती कारखान्यातच, असा नियम होता.

"सांगते. पण त्यात खबऱ्या नव्हता, एवढं नक्की."

"आणि तो सापडला तर?" धाकटीने शिवता शिवता विचारलं. "त्याचीही काही अडचण असेल की."

"अडचण?" थोरली उसळली. "ज्यांच्यात उठायचं बसायचं, त्यांच्याच चहाड्या करायच्या? खाल्ल्या घरचे वासे मोजणाऱ्याला माफी नाही. मग तो सख्खा भाऊ का असेना!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि तेवढ्यात दारात मालक.

कामाच्या वेळी मोबाइलवर गाणी लावली म्हणून याच मालकांनी मागे दोघींना घरी बसवलं होतं. थोरलीने पुस्तक पदराखाली सरकवलं. नवऱ्याचं काम सुटलं होतं, आता घर तिच्या मशीनवर चालत होतं. मालक तडक तिच्यापाशी आले आणि त्यांनी हात पुढे केला. तिने पदराखालून पुस्तक काढून दिलं.

"मला काही कळत नाही असं वाटतं का तुम्हाला? महिनाभर चाललंय हे!"

"चुकलं मालक," थोरली कशीबशी म्हणाली.

मालकांनी चार पानं चाळली. "आणि हे पाद्री पाद्री काय लावलंय? पार जिन्यापर्यंत ऐकू येतंय! पाद्री कसा असेल? गोदामावर छापा पडला तेव्हा तो स्वतः आत अडकला होता. आपलाच गळा कोण फासात देईल?"

मावशींनी आ वासला. "अगंबाई! मालक, तुम्ही वाचलंय?"

"मला कुठला वेळ!" मालक घाईघाईने म्हणाले. पण राहवेना. आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "ते जाऊ द्या. पुलावर ती गाडी येऊन थांबली ना... त्यात होतं कोण? रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही माझ्या."

झालं! सगळ्याजणी एकदम सांगायला लागल्या. कोणाचं कोणाला ऐकू येईना. थोरली मात्र मनात दिवस मोजत होती. परवापर्यंतची गोष्ट मालकांना तोंडपाठ, आणि कालचीच तेवढी ठाऊक नाही? तिने वळून पाहिलं. धाकटीचं मशीन जोरात खडखडत होतं आणि सुईखाली कापडच नव्हतं.

"तू?"

मशीन थांबलं. सगळ्याच थांबल्या.

"ताई, तयार माल घेऊन मीच वर ऑफिसात जाते ना..." धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं. "त्यांच्या कानावर गेलंच होतं. पुस्तक जप्त करायला निघाले होते. मी म्हटलं, आधी ऐका तरी काय आहे ते. पहिला भाग सांगितला. दुसऱ्या दिवशी तेच म्हणाले, पुढे? मग रोजच. म्हटलं, गोष्ट चालू आहे तोवर तरी खाली येणार नाहीत."

"आणि मला सांगायला काय झालं होतं?"

"तुम्ही भिऊन वाचणंच बंद केलं असतं."

खरंच होतं ते. त्यानेच थोरलीचा जास्त संताप झाला.

"बघा, बघा हिला!" मावशी कडाडल्या. "आमच्यात बसून वर बातम्या! ताई, तूच म्हणालीस ना आत्ता, माफी नाही? उद्यापासून हिला आमच्यात बसवू नकोस."

सगळ्यांचे डोळे थोरलीवर. मालकसुद्धा, चोरी पकडलेल्या पोरासारखे, तिच्याच तोंडाकडे बघत होते. थोरलीला वाटत होतं, उठावं आणि धाकटीला दोन ठेवून द्याव्यात. एका चुलीवर स्वयंपाक करतो आपण, आणि महिनाभर हिने ब्र काढला नाही! आणि तेवढ्यात तिच्या डोळ्यांसमोर तो जिना आला. हातात शर्टांचा गठ्ठा घेऊन रोज एकटी वाघाच्या गुहेत जाणारी ही धाकटी. थोरलीचं मन भरून आलं.

तिने मालकांच्या हातातून पुस्तक सरळ काढून घेतलं. मालकांनी एक गठ्ठा पुढे ओढला आणि त्यावर बसले. थोरलीने पान शोधलं आणि पुस्तक धाकटीसमोर धरलं.

"ऊठ. स्टुलावर बस."

"मी?"

"मग कोण? महिनाभर मालकांना डोलवलंस की." थोरलीने डोळे पुसले. "आता जे काय सांगायचं, ते सगळ्यांसमोर."