आवरलेली खोली

आयर्लंडच्या किनाऱ्यावरच्या त्या हॉटेलात प्रमिलाबाई रोज सकाळी स्वतःच अंथरूण आवरत. साफसफाईची बाई यायच्या आत बेसिनसुद्धा पुसून ठेवत.

“आई, त्यांचं काम आहे ते,” मुलगा वैतागायचा.

“तिचे गुडघे दुखतात.”

“तुला इंग्रजी कुठे येतं?”

“गुडघ्यांना कशाला हवंय इंग्रजी?”

निघायच्या दिवशीही त्या चादरी नीट करायला लागल्या. मुलगा हसला. “अगं आई, आज सगळं धुवायलाच जाणार.”

“मग उशांचे अभ्रे काढू लाग.”

तो अभ्रे काढत असतानाच दार उघडलं. रोजच्यासारखे दोघींचे दोन कप चहा घेऊन ती बाई आत आली. तिने उघड्या गादीकडे बघितलं, मग मुलाकडे. समुद्राकडे तोंड करून ठेवलेल्या दोन खुर्च्यांजवळ कप ठेवून ती तिसरा आणायला गेली.